नऊ नंबरचा फोटो

औरंगपुऱ्यात माझं फोटो छापायचं दुकान आहे. वर्षभर बारशी, साखरपुडे आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस छापतो. त्या आठवड्यात मारामारी छापली.

भांडण आमच्याच गल्लीतलं. लासूर स्टेशनहून येऊन इथं रिक्षा चालवणाऱ्या एकानं ती हार्डवेअरच्या दुकानापुढं लावली. दुकानदारानं येऊन त्याची कॉलर धरली. दोन मिनिटांत रिक्षावाल्याचा कान विटेनं फाटला आणि दुकानदाराचा जबडा जॅकच्या दांड्यानं मोडला. दुकानदार दवाखान्यात, रिक्षावाला जेलात. पहिला वार रिक्षावाल्याचा, असं फिर्यादीत लिहिलं होतं. समोरच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं आणि रिक्षावाल्याचा जामीन पहिला वार कुणाचा यावरच अडला होता.

त्याच्या वकिलांच्या पाटीवर पदव्यांना जागा पुरली नव्हती, म्हणून शेवटी ‘इत्यादी’ लिहिलेलं. न्यायमूर्तींना व्हिडिओ नव्हे, अल्बम दाखवायचा असतो, हे त्यांनी मला उभ्या उभ्या समजावलं. मी व्हिडिओतून दर सेकंदाला एक असे एकशेबारा फोटो काढले: 1.jpg ते 112.jpg. काही चेहरे मोठे करून png मध्ये ठेवले. मग संगणकाच्या काळ्या कमांड-खिडकीत ls -X टाइप केलं. त्यानं यादी एक्स्टेन्शनप्रमाणे, म्हणजे नावाच्या शेपटीप्रमाणे लागते. jpg सगळे वर, png तळाला. स्वतःवर खूश होऊन मी त्याच क्रमानं फोटो छापले आणि अल्बममध्ये चिकटवले.

अल्बम न्यायला वकिलांबरोबर रिक्षावाल्याची बायको आली. भांडणाच्या दिवशी ती रिक्षात मागच्या सीटवर होती. पहिल्या फोटोत रिक्षा उभी. दुसऱ्यात नवरा सीटखालून दांडा काढतोय. तिसऱ्यात दुकानदार रस्त्यावर पडलेला, सातव्यात त्याच्या तोंडावर दांडा. वीट कुठंच नाही. ती सापडली, तळाचे मोठे चेहरे सोडले तर, शेवटून अकराव्या जागी. वकील म्हणाले, हा तर फिर्यादीचाच अल्बम झाला.

बाईनं विटेवर बोट ठेवलं. “आदी ही हाय, दादा. मंग दांडा. तुमी उलटं का लावलं?”

मी फाइलींचे नंबर बघितले. एक, दहा, शंभर, एकशेएक. संगणकानं नावं आकडे म्हणून नव्हे, अक्षरं म्हणून वाचली होती. एकनं सुरू होणारं सगळं आधी, दोन नंबर थेट एकोणीसच्या मागं, नऊ तर एकोणनव्वदच्याही मागं. वीस वर्षं हेच काम करतोय मी.

ls -v *.jpg दिलं. आता यादी आकड्यांप्रमाणे लागली. दोनमध्ये कॉलर, पाचमध्ये दुकानदाराची थप्पड, नऊमध्ये वीट, दहामध्ये दांडा. पुढं गुडघे, केस, फुटलेली काच, दोघांच्या शर्टांवर कुणाचं ते कळू नये असं रक्त. सत्त्याण्णवला दुकानदार पडला. एकशेचार, एकशेपाच, एकशेसहा: पडलेल्याच्या तोंडावर दांडा, तीनदा.

वकील म्हणाले, शहाण्णववर थांबा. कुठं थांबायचं हे कळणं हीच वकिली. फिर्यादीकडं हाच व्हिडिओ आहे, असं मी म्हटलं. ते मोठा श्वास घेऊन भाषणाच्या तयारीत होते, तेवढ्यात बाई बोलली.

“सगळे लावा. पडल्यावर मारलं ह्यांनी, व्हय. मी शर्ट धरून वढत व्हते. पर आदी मारलं नाय.”

मी सगळे लावले. जामीन झाला. जजसाहेब नऊ नंबरवर थांबले आणि एकशेचारवर त्याहून जास्त थांबले, असं तिनं येऊन सांगितलं. खटला उभाच आहे.

महिन्याभरानं हार्डवेअरवाला आला. जबडा तारांनी बांधलेला, बोलता येत नव्हतं. त्यानं कागदावर लिहून दिलं: त्यालाही अल्बम हवा होता, एकशेचारपासून पुढचा.

मी त्याला खुर्ची दिली आणि एक नंबरपासून छापायला घेतलं.