तळहातावरची दुआ

नवऱ्याने खोर फक्कानच्या बंदरातून तो बिल्ला आणला तेव्हा मी आधी एवढंच विचारलं, "हे परत कधी द्यायचंय?" त्याने आणलेल्या वस्तू आमच्या घरात मुक्कामालाच येतात आणि त्यांच्यावरची धूळ मी पुसत बसते.

बिल्ला म्हणजे बिस्किटाएवढी चौकोनी वस्तू. लोहचुंबकाने सदऱ्यावर छातीशी लावायची. तळहात समोर धरला की त्यावर हिरवी अक्षरं उमटतात. वेळ, निरोप, हवामान, जे हवं ते. अंगठा बोटाला टेकवला की पान उलटतं. बंदरात कंटेनर तपासणाऱ्यांना हातात फोन धरावा लागू नये म्हणून कंपनीने हे बिल्ले वापरून बघायला घेतले होते. पण तिथल्या उन्हात तळहातावर काही म्हणजे काही दिसेना. माणसं सावली शोधत कंटेनरच्या आडोशाला जायची आणि स्वतःचे हात बघत उभी राहायची.

"ट्रायल फेल, खलास," नवरा म्हणाला. "मंडेला रिटर्न करायचाय." तोवर बिल्ला फ्रिजवर पडला.

त्या दिवसांत माझं चित्त वेगळ्याच गोष्टीत होतं. अब्बांनी दुआ मागणं सोडलं होतं.

गेल्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. मी त्यांना रत्नागिरीहून इथे, अबुधाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घरी घेऊन आले. हातपाय बरेचसे ठीक झाले. उजव्या अंगठ्याचा कंप राहिला आणि जीभ अडखळू लागली. डॉक्टर म्हणाले, पाठ असलेलं येईल, मनातलं बोलायला वेळ लागेल.

अब्बांची दुआ दोन भागांची. आधी अरबी, तिला झटक्याने धक्का लागला नव्हता. मग आपल्या भाषेतलं मागणं. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाहून आल्यावर, जेवणाआधी, डोळे मिटून ते घरातल्या एकेकासाठी मागायचे. भावाची नोकरी, माझी परीक्षा, मांचे गुडघे. आमचं रत्नागिरीचं घर खाडीच्या वर, चढावर. खालून घरापर्यंत पायऱ्याच पायऱ्या, आणि मां त्या मोजत, कण्हत चढायची. आम्ही मुलं अर्धे डोळे उघडून तळलेल्या माशांकडे बघत बसायचो आणि ही यादी कधी संपते याची वाट बघायचो. तीन वर्षांपूर्वी मां गेली. मग गुडघ्यांच्या जागी अब्बा तिच्यासाठी जन्नत मागू लागले.

इथे पहिल्या शुक्रवारी ते अरबी संपवून थांबले. पुढचं येईना. दुसऱ्या शुक्रवारी तेच. तिसऱ्या शुक्रवारी माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तू... कर." त्यानंतर ते जेवायला बसायचे ते हात मांडीवर ठेवून. मला त्यांचा रागच यायचा. हात वर तरी करा, असं ओरडावंसं वाटायचं. खरं तर मी घाबरले होते. मागणं सोडलेला माणूस हळूहळू बाकीचंही सोडतो, असं वाटत होतं.

फ्रिज पुसताना बिल्ला हाताला लागला आणि डोक्यात आलं, तळहात छातीसमोर धरायचा, एवढंच याला हवंय ना? दुआ मागताना माणूस दुसरं काय करतो?

मी आठवून सांगितलं आणि बारा वर्षांच्या लेकीने बिल्ल्याला जोडलेल्या फोनवर टाइप केलं. सगळ्यांसाठीचं एकेक वाक्य, मोठ्या अक्षरांत. मांसाठी मी जन्नत लिहिली.

"मम्मा, धिस इज लाइक चीटिंग," लेक म्हणाली.

"कॉपी पुरवतेय मी. टाइप कर."

शुक्रवारी अब्बांच्या सदऱ्याला बिल्ला लावला. काय करायचं ते दोनदा समजावलं. त्यांनी कुरकुर न करता हात उचलले. अरबी झाली. उजव्या तळव्यावर हिरवी अक्षरं आली. ते वाचणार, तोच कापरा अंगठा बोटाला लागला आणि पान उलटलं.

"अबुधाबी," अब्बांनी दुआच्याच सुरात वाचलं. "बेचाळीस अंश. हवा... दमट."

"आमीन," लेक म्हणाली.

नवऱ्याला हसू आवरेना. मी दोघांकडे डोळे वटारून बघितलं आणि बिल्ला काढायला हात पुढे केला. हा माझा शहाणपणा, आता हे पुन्हा हात उचलणार नाहीत. पण अब्बांच्या ओठांच्या कोपऱ्यातही हसू होतं. हात त्यांनी खाली केले नव्हते. बेचाळीस अंश तळव्यावर तसेच ठेवून त्यांनी डोळे मिटले.

"या अल्ला," ते म्हणाले. "पोरांच्या मांच्या... गुडघ्यांना आराम दे."

लेकीने माझ्याकडे बघितलं. "बट नानी इज—"

मी तिचा हात दाबला. "आमीन म्हण."

ती म्हणाली. आम्हीही म्हणालो. दुआ परत आली होती, पण मां गेलेली त्यांना आठवत नव्हती, असं मी मनाशी धरून बसले. अब्बांनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले आणि बोटांमधून निसटलेली हिरवी अक्षरं क्षणभर त्यांच्या पांढऱ्या दाढीवर पडली.

जेवण झाल्यावर हात धुवायला मी त्यांना बेसिनपाशी घेऊन गेले. टॉवेल देताना शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, "अब्बा, मां आता नाही ना. तिला कुठले गुडघे?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी माझं गणित चुकल्यावर बघायचे.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. मग शब्द जुळवत राहिले. मी नळ बंद केला आणि थांबले.

"तिकडं पण... पायऱ्या असल्या तर?"