पाठीला बर्फ नको

शेवटच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघांनी फ्रिज पुसला. मी खाली बसून कप्पे धुतले, सुनंदा एकेक वस्तू परत लावत होती. दुधाचा टोप मी मागे सरकवला तशी ओरडली, “अहो, पाठीला टेकवू नका! तिथेच बर्फ धरतो.”

“घरात काय कुणाचं रक्त ठेवलंय गं?”

“तुमचं ठेवीन एक दिवस. रक्त कसलं, पाणीच आहे नुसतं, पटकन गोठेल.”

बायको माझी अशी. मरोळला रक्त तपासायच्या लॅबमध्ये मावशी म्हणून लागली, झाडू-पोछाला. पुढे तिथला फ्रिज तिच्याकडे आला. रक्ताच्या नळ्या गार पाहिजेत, पण गोठायला नकोत, एवढंच काम. नळ्यांच्या स्टँडमागे ती थर्माकोल लावायची. मागच्या कोपऱ्यात साध्या पाण्याची एक नळी उभी करायची आणि येता-जाता ती हलवून बघायची. आतलं पाणी हललं की खूश.

एकदा तिच्या सुट्टीच्या दिवशी कुणीतरी फ्रिजचं बटण वाढवून ठेवलं. नळ्या गोठल्या. त्यात एका तान्ह्या पोरीचं रक्त होतं. तिची शीरच मुश्किलीने सापडलेली. दुसऱ्यांदा सुई टोचताना सुनंदानेच तिला मांडीवर धरलं. घरी येऊन जेवली नाही. म्हणाली, “एकदा गोठलं ना, की रक्त आतून फुटतं. मग कितीही ऊब द्या, परत पहिल्यासारखं होत नाही.”

आता वाटतं, एकदा तिच्या लॅबमध्ये जाऊन ती पाण्याची नळी हलवून बघायला हवी होती. किती वेळा चला म्हणाली.

त्या संध्याकाळी फ्रिज पुसून झाला, ती चहा ठेवायला उठली आणि ओट्याजवळच खाली बसली. छातीवर हात. रिक्षात माझ्या खांद्यावर मान टाकली, ती टाकलीच. दवाखान्यात दारातच सांगितलं, संपलं.

मुलगी मंगल सावंतवाडीहून यायची होती. तोवर घरी शेजाऱ्यांनी बर्फाच्या लाद्या आणून सुनंदाला त्यांच्यावर ठेवलं. चांगल्या मनाने केलं, त्यांना काय बोलणार? मी भिंतीला टेकून बसून राहिलो.

सकाळी उजाडल्यावर तिच्या पाठीखाली हात घालून बघितला. साडी बर्फाला चिकटली होती. उठलो. माळ्यावर गणपतीच्या मखराचा जाड थर्माकोल होता, तो काढला.

शेजारचा म्हणाला, “काका, अहो मग बर्फाचा उपयोग काय? मंगल दुपारी येणार.”

“गार राहू दे की. पाठ टेकू द्यायची नाही. धर तिकडून.”

त्याने तिला उचलून धरलं. मी थर्माकोल खाली सरकवला.