बिगुलांच्या मैदानावर माळलेला मोगरा

अत्त्या बँड ऐकायला येते म्हणाली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. अत्त्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच आमचं घर सांभाळलं आणि मलाही. तिला बँडचं जन्माचं वावडं. "चामडें बडवलेलें ऐकायला इतक्या लांब कशाला जायचें? कोपऱ्यावरच्या कोविलांत मेळम् वाजतें की रोज," असं ती देवळातल्या सनई-ढोलाचा दाखला देत दर उन्हाळ्यात म्हणायची आणि पदर डोळ्यांवर ओढून आडवी व्हायची. यंदा ती आपणहून निघाली, तीही भर दुपारी, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. स्पर्धेच्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नसायचंच.

आम्ही तंजावरकडचे. घरात आमची जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. अप्पा मद्रासेत कारकून, आणि आम्ही तिरुवल्लिकेणीच्या एका बोळात भाड्याने राहत होतो. साठ सालच्या आगेमागे तिथे मे महिन्यात बँड आणि बिगूल पथकांची स्पर्धा भरायची. पोलिसांची पथकं यायची, शाळांची यायची, आणि बंदरातल्या कामगारांचंही एक यायचं. अप्पा मला अगदी लहानपणापासून तिथे नेत. देवाला नेत नसत इतक्या नेमाने नेत. पितळी वाद्यं आणि ढोल यांच्यासमोर आमचा हा गरीब कारकून एकदम कोणीतरी मोठा असामी व्हायचा. त्यांनीच मला सांगितलं की बिगुलाला कळा नसतात, जे काय सूर निघायचे ते ओठांच्या जोरावर. दुपार कलली की समुद्राचा ओलसर वारा सुटतो आणि ढोलाचं कातडं सैल पडतं, म्हणून ज्या पथकाची पाळी आधी लागते ते नशीबवान, हेही त्यांनीच सांगितलं. वळताना रांग वाकडी झाली तर ती कुठे पाहायची, तर पायांत नाही, खांद्यांत.

मी मोठी झाले तशी मला बायकांच्या बाकांवर बसावं लागलं आणि अप्पा पुरुषांच्या. मधे एक वाट, वाटेच्या दोन्ही बाजूंना दोरी. मी नेहमी दोरीलगतची जागा धरायची आणि ते पलीकडची. कोणाचं चुकलं की अप्पा करंगळी उचलत. सगळं जमून आलं की अंगठा. मग मी माझा अंगठा दाखवायची. साऱ्या मैदानात एवढं सुख दुसऱ्या कोणाला नसेल, असं मला वाटायचं, आणि आजही वाटतं.

बंदरातल्या कामगारांचं पथक हे आमचं पथक. आमचं म्हणजे आम्ही दोघांनी मानलेलं. त्यांच्याकडे फक्त बिगूल आणि ढोल. पोलिसांसारखी चकचकीत मोठी वाद्यं नाहीत, पोशाखही धुऊन धुऊन पांढरट झालेला. दरवर्षी त्यांचा दुसरा नंबर यायचा. त्या वर्षी एका संध्याकाळी आम्ही समुद्रावर फिरायला गेलो असताना ते लांब वाळूवर सराव करत होते. शेवटी वाजवायची एक नवीन धून त्यांनी बसवली होती. वाऱ्याबरोबर तिची सुरुवात आमच्यापर्यंत आली, आणि वारा फिरला तशी पुढची गेली. अप्पा वाळूत तसेच उभे. "पुढचें काय असेल गे?" ते म्हणाले. "आतां स्पर्धेलाच कळेल." ते दिवस आम्ही त्या अर्ध्या धुनेवर काढले. जेवताना ते गुणगुणायचे, मी पाटावर बोटांनी ढोल धरायची, आणि अत्त्या म्हणायची की तुम्हां दोघांना मंत्र घालायला हवा.

माझं बी.ए.चं एक वर्ष राहिलं होतं. आमच्यात तेव्हा मुली इतक्या शिकत नव्हत्या. स्थळं सांगून यायची, अत्त्या ती ताटाएवढी मोठी करून सांगायची. पण आदल्या वर्षी स्पर्धेहून चालत घरी येताना अप्पांनी मला शब्द दिला होता, "बी.ए. होईपर्यंत तुला बघायला कोणी यायचें नाही. मी अहे." त्या 'मी अहे'वर मी निर्धास्त होते.

तर त्या दिवशी अत्त्याने मला रेशमी साडी नेसवली. मे महिन्यातल्या त्या भाजून काढणाऱ्या दिवसांना तिकडे कत्तिरी म्हणतात. त्या कत्तिरीत रेशमी साडी म्हणजे शिक्षाच. मी कुरकुरले. "चार लोकांत जायचें, नीट दिसूं नये?" ती म्हणाली. मग तिने माझी वेणी घट्ट घातली आणि तशीच सोडली. एरवी फुलांवाचून ती मला नळावरसुद्धा जाऊ देत नसे. मी विचारलं तर म्हणाली, "आज नको. घाम येतो." मला बरंच वाटलं. गजऱ्याने मानेला खाज सुटायची.

मैदानावर माझी दोरीलगतची जागा रिकामी होती. मी तिथे बसणार तोच अत्त्याने मला आत ढकललं आणि मागून येणाऱ्या एका बाईंना म्हणाली, "या मामी, तुम्ही कडेला बसा. वारा येतो." बाई आमच्यातल्याच होत्या, नेसण्यावरून कळत होतं. मांडीवर एक वेताची टोपली, वर झाकण. त्या माझ्या उजव्या हाताला बसल्या, डाव्या हाताला अत्त्या. मागच्या बाकावरच्या बायकांचे गुडघे माझ्या पाठीत रुतत होते. दोरीपलीकडे अप्पा होते, पण मधे मामींचं डोकं. मला त्यांना पाहायला मान पुढे काढावी लागत होती. त्यांच्या शेजारी चष्मा लावलेले एक तरुण गृहस्थ होते. ऑफिसातले कोणी असतील, मी म्हटलं.

त्या स्पर्धेचा एक नियम होता. पथक मैदानात असेतोवर प्रेक्षकांनी जागा सोडायची नाही. वाटेच्या तोंडाशी आडवी दोरी लावायचे आणि तिथे एक स्काउट मास्तर उभे असायचे, अंगाने आडवे आणि स्वभावाने त्याहून. मला तो नियम फार आवडायचा. उठबस करणाऱ्यांची मला चीड होती.

शाळांची पथकं झाली, पोलिसांचं झालं. मामी मला विचारत होत्या, काय शिकतेस, स्वयंपाक येतो की, पाट्टु येतें की. पाट्टु म्हणजे गाणं. मी हो-नाही करत होते. माझ्या मनात येत होतं, ही बाई गप्प कधी बसणार. मग बंदराचं पथक आत आलं आणि आडवी दोरी लागली. समुद्राचा वारा अजून सुटला नव्हता, कातडी ताणलेली होती, ढोल खणखणीत वाजत होते. ते वळले आणि खांद्यांची रांग जराही वाकली नाही. मी पुढे वाकून अप्पांकडे पाहिलं, त्यांनी अंगठा दाखवला. मग सगळे थांबले. आता ती धून.

नेमकं तेव्हाच मामींनी टोपलीतून केळीच्या पानाचा पुडा काढला. "वेणी अशी मोकळी कां गे? मल्लीपू अहे, ताजा. घालूं?"

मद्रासेत यात काही विशेष नव्हतं. देवळात, बसथांब्यावर, मोकळ्या डोक्याची मुलगी दिसली की शेजारची अनोळखी बाईसुद्धा आपल्यातला हातभर मोगरा तोडून देते. नाही म्हटलं तर बाई कारण विचारणार, मी सांगणार, आणि तोवर धून संपणार. मी चटकन मान वाकवली. लवकर घाल आणि सोड, एवढंच मनात. डोळे वर करून मी मैदानाकडेच पाहत होते. सगळे बिगूल एकदम ओठांशी गेले. माझ्या टाळूला आकडा बोचला. आणि वाळूवर ऐकलेली ती सुरुवात, या वेळी अगदी जवळून, माझ्या अंगावर आली.

मी आनंदाने अप्पांकडे पाहिलं. अंगठा दाखवायला हात वर केलासुद्धा.

अप्पा मैदानाकडे पाहत नव्हते. ते माझ्या वेणीकडे पाहत होते. तोंड असं झालेलं, जसं आईच्या आजारात डॉक्टर खोलीतून बाहेर आले तेव्हा झालं होतं. आणि त्यांच्या शेजारचे गृहस्थ कानांत बोटं घालून, डोळे मिटून बसले होते.

फुलांचा आणखी एक रिवाज आहे. तमिळ लोकांत राहून राहून तो आमचाही झालेला. मुलाच्या घरच्या सवाष्णीने मुलीच्या डोक्यात फुलं माळली की मुलगी ठरली. मग साखरपुडा, याद्या, सगळं नुसतं पुढचं. हे मला पाळण्यातल्या गोष्टींइतकं ठाऊक होतं. पण बिगूल ऐकायला आलेल्या माणसाला ते आठवेल कसं? रिकामी वेणी, रेशमी साडी, माझी गेलेली जागा, सगळं एका क्षणात एकावर एक येऊन बसलं. मी मटकन खालीच बसले असते, पण बसलेलीच होते.

मी हात मागे नेला. अत्त्याने तो वरच्यावर धरला. "काढूं नये," ती हसऱ्या तोंडाने, दात न उघडता म्हणाली. "एकदां घातलेलें काढूं नये. अपशकून."

"मला कोणी विचारलं नाही," मी म्हटलं.

"विचारलें की. मामींनी 'घालूं?' म्हणून विचारलें. तूच मान वाकवलीस."

मी उठले. मागच्या बायका ओरडल्या. स्काउट मास्तरांनी दुरूनच तळहात दाखवला, बसा. खरंच सांगते, मी बसले. नियम होता ना. मला तो आवडायचा ना. दोन बायकांच्या मधे, रेशमात घामाघूम, मी पुढ्यातल्या बाकाची फळी धरून बसून राहिले. मैदानात पितळ चमकत होतं, माझ्या कानात नुसतं रक्त वाजत होतं. मामी माझ्या डोक्यावरून हात फिरवत अत्त्याला सांगत होत्या, "किती वळणाची मुलगी. नटून पाटावर बसलेली पाहून काय कळतें? म्हणून म्हटलें, अशीच चार लोकांत बघूं. घालूं म्हणायच्या आंत मान पुढें केली." माझ्या आयुष्यात माझं इतकं कौतुक इतक्या चुकीच्या कारणासाठी पुन्हा कधी झालं नाही.

शेवटी निकाल झाला. बंदराचं पथक पहिलं आलं. सगळं मैदान उठून उभं राहिलं. त्याच वेळी मामींनी टोपलीतून ताट काढून माझ्या हातात दिलं. नारळ, विडा, हळदकुंकू. वडीलधाऱ्या बाईने दिलेलं नारळाचं ताट आमच्यात कोणी परत करत नाही, खालीही ठेवत नाही. आमचं पथक आयुष्यात पहिल्यांदा जिंकलं आणि मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

लग्न तीन महिन्यांनी, आवणीत झालं. शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. 'तिकडे गेल्यावर शिकशील की' असं सगळे म्हणाले, आणि तिकडे गेल्यावर कोणीच काही म्हणालं नाही. माणूस वाईट नव्हता. आवाज सोसायचा नाही त्यांना, एवढंच. घरात रेडिओसुद्धा शेजाऱ्याच्या रेडिओइतका हळू लागायचा. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं होतं मला सगळं ठाऊक आहे. त्यांचा मला कधी राग आला नाही. अत्त्याचाही फार काळ राहिला नाही. तिने जे केलं ते तिच्या मते माझ्या भल्याचंच होतं. राग राहिला तो अप्पांचा. ज्या माणसाने मला ऐकायला शिकवलं, त्याने मला तिथेच पकडून द्यावं? घरी दिलं असतं तर मी भांडले असते. मैदानावर मी भांडणार नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

पण त्या संध्याकाळचं सांगते. अत्त्या ताट घेऊन रिक्षाने पुढे गेली. अप्पा आणि मी दरवर्षीप्रमाणे समुद्राच्या बाजूने चालत निघालो. आता वारा सुटला होता, आणि वेणीतला मोगरा मानेवर आपटत होता.

मग अप्पा म्हणाले, "त्यांनी नुसतें बघायचें ठरलें होतें. फुलांचें मला ठाऊक नव्हतें." ते खरं असेल. मग आणखी थोडं चाललो.

"आपण तें मोडूं शकतों," ते म्हणाले. पण असं म्हणाले की मीच 'नको' म्हणावं. आमच्यातली घरं ती किती, आणि माळलेली फुलं काढलेल्या मुलीला पुढे कोण विचारणार, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. मी तरीही गप्प राहिले.

शेवटी, काही सुचेना म्हणून असेल, त्यांनी ओठ मिटून ती धून धरली. दरवर्षी ते असंच करत. जिंकलेल्या पथकाची धून घरापर्यंत वाजवत आणत आणि मी छत्रीवर ढोल धरायची. सुरुवात बरोबर आली. वाळूवर ऐकली होती तिथपर्यंत आले आणि अडले. पुन्हा पहिल्यापासून धरली, पुन्हा तिथेच अडले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मलाही पुढचं येत नव्हतं. ती वाजत होती तेव्हा ते माझ्या वेणीकडे पाहत होते आणि मी त्यांच्याकडे.