शेवटची पानं नसलेली कादंबरी

वडील गंगेकाठी रामघाटावरच्या वेदपाठशाळेत आचारी. पंधरा विद्यार्थ्यांची पंगत उठली की उरेल त्यात आमच्या पाच जणांचं भागायचं. घरात कुणी दहावीपुढे गेलेलं नव्हतं. मला मात्र इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं होतं. वडिलांनी सांगून टाकलं, "प्रवेश मिळाला तर शीक. नाहीतर माझ्याबरोबर चुलीपाशी ये."

त्याच पाठशाळेत संथाकाका वेद शिकवत. शेंडी, उपरणं, कपाळाला भस्म आणि काखेत इंग्रजी कादंबरी! मुन्शी घाटाजवळच्या गेस्ट हाउसमध्ये परदेशी पाहुणे वाचून टाकून जात, ती पुस्तकं काका घेऊन येत. आधी गंगाजल शिंपडत, मग उघडत. त्यांतूनच ते मला इंग्रजी शिकवू लागले. डिक्शनरीला त्यांनी कधी हात लावला नाही. म्हणत, "शब्द तीनदा भेटू दे गं. तिसऱ्यांदा तोच ओळख देतो."

वाक्प्रचारांना ते गल्लीतली माणसं नेमून देत. श्राद्धाची पानं वाढून झाल्यावर धापा टाकत येणारे एक गुरुजी म्हणजे 'ॲट द इलेव्हन्थ अवर'. वडिलांच्या टायफॉइडमध्ये पाठशाळेची चूल एकटीने सांभाळणारी माझी आई म्हणजे 'थ्रू थिक अँड थिन'. "अर्थ काय विचारतेस? आईकडे बघ की."

शिकवायची रीत मात्र वेदांचीच. काकांनी एकदा म्हणायचं, मी दोनदा, ही संथा. घाटाच्या पायरीवर आम्ही दोघं डोलत कादंबरी म्हणायचो. नावाडी हाक मारायचा, "का गुरू, बिटिया के लंदन भेजबा का?"

"पहले कॉलेज तो पहुँचने दो!" काका डोलणं न थांबवता म्हणायचे.

कॉलेजच्या मुलाखतीत इंग्रजीतून प्रश्न आला, घरच्यांविषयी सांग. मी डोळे मिटले आणि पाठ केलेलं पान धडाधड म्हटलं. माझे वडील रोज सकाळी घोड्यावर बसून सफरचंदांची बाग बघून येतात, असं! तेही वेदांच्या चढउतारात, डोलत. सगळे हसले. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी परत ये. तेव्हा स्वतःचं बोल."

मी रडत आले. काका म्हणाले, "चूक माझी आहे, पोरी. वेदात एक अक्षर बदललं तर पाप. इथे काहीच न बदलणं पाप, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कादंबरी हातात दिली. तिची शेवटची पानं फाटून गेलेली. "आता पाठ करायला काही नाही. शेवट तू सांग. रोज नवा."

मी अडखळत रोज नवा शेवट रचला. एकदा तर त्यातल्या जमीनदारीणबाईंना मी पंधरा जणांचं वरण करायला बसवलं. काकांनी हसून हसून उपरण्याने डोळे पुसले.

पंधरा दिवसांनी मुलाखतीत पुन्हा तोच प्रश्न आला. "माय फादर कुक्स फॉर फिफ्टीन बॉइज," मी सुरुवात केली. आईवर आले तेव्हा 'थ्रू थिक अँड थिन' आपसूक तोंडात आलं. या वेळी कुणी हसलं नाही. प्रवेश मिळाला.

तीन वर्षांपूर्वी काका गेले. पुढे जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला तीच कादंबरी सापडली, अख्खी. शेवट वाचला. आमचे शेवट बरे होते. हे काकांना सांगायचं राहिलं.

मी बी.ए. झाले, मग एम.ए. आज इथल्याच मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे.