व्हॅनखालचं पाणी

धम्मानंदचा त्या दिवशीचा दिवस पहाटे चारला सुरू झाला. मे महिन्यात लोह्यात गाडीखाली पाठ टेकायची तर तेवढीच वेळ. उन्हं वर आली की फरशी तव्यासारखी तापते आणि पाना हातात धरवत नाही. शिवाय पिराजीला व्हॅन आठच्या आत हवी होती.

पिराजीचं भाडं ठरलेलं. गावातल्या पार्वतीबाईंना नांदेडला डायलिसिसला न्यायचं, त्या मशीनवर असतील तोवर दवाखान्यामागच्या आवारात गाडी लावून थांबायचं, आणि त्यांना घेऊन परत यायचं. एसी बंद पडल्यापासून हे थांबणंच त्याच्या जिवावर आलं होतं. आदल्या संध्याकाळी किल्ली हातात देताना तो म्हणाला होता, "काचा उघड्या ठेवून भाजून निघालो, मिस्तरी. काय बी कर, पण उद्या मला काचा लावून झोपू दे."

धम्मानंदनं किल्ली खुंटीला लावली. पिराजी काय मागून गेला, हे दोघांपैकी एकालाही कळलं नव्हतं.

धम्मानंदचा बाप रोजंदारीनं विहिरी खणायचा. पोरानं खाली उतरायचं काम करू नये, एवढंच त्याचं म्हणणं. पोरगा दहावी झाला आणि नांदेडला एका उस्तादाच्या हाताखाली लागला. पहिलं वर्ष नुसते रेडिएटर धुण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी पाना मिळाला. गॅसचा दाब मोजायच्या गेजला हात लावू द्यायला उस्तादानं आणखी बरेच दिवस घेतले. धम्मानंदनं ते सोसलं, म्हणून आज लोह्याच्या हमरस्त्याला त्याचं पत्र्याचं शेड आहे आणि दोन तालुक्यांच्या गाड्या तिथं येतात. उस्तादाची शिकवण त्यानं एका बाबतीत कधी सोडली नाही. काम झालं की काचा वर करून गाडीत स्वतः बसायचं. "हात को मत पूछ, गर्दन को पूछ," उस्ताद म्हणायचा. गारवा हाताला लवकर कळतो, पण हात खोटं बोलतो. मानेला गार लागलं तरच गाडी द्यायची.

त्यानं व्हॅन चालू केली. पंखा जोरात, हवा मात्र गरम. कान लावला. कॉम्प्रेसरचा क्लच धरत नव्हता. फ्यूज पाहिला, तो शाबूत. मग गेज लावले. काटे जवळजवळ तळाला.

इथं बहुतेक मिस्तरी गॅस भरून मोकळे होतात. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि महिन्याभरात परत येतं. धम्मानंदला ते जमत नसे. एसीचा गॅस म्हणजे काही पेट्रोल नव्हे, जळून संपायला. तो कमी झाला म्हणजे कुठून तरी निसटला. वाट सापडल्याशिवाय काम झालं असं म्हणायचं नाही.

ह्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली. त्यानं सीट उचलली आणि बॅटरी तोंडात धरून डोकं आत घातलं. सीटच्या चौकटीला कडेकडेनं काजळी धरली होती, मऊ, काळी, बोटाला लागणारी. चौकटीवरची रबराची पट्टी एका बाजूनं गायबच होती. नवीन कव्हर बसवताना कुणीतरी कापून टाकली असावी. जुनी गाडी, काळी व्हायचीच, असं म्हणत त्यानं फडकं घेतलं आणि काजळी स्वच्छ पुसून टाकली. घाण गाडी परत द्यायची त्याला लाज वाटे.

गळती पुढं सापडली. कंडेन्सरच्या नळीच्या जोडावर तेलकट धूळ बसली होती. त्यानं दाब भरून साबणाचा फेस लावला, तर तिथं बारीक बुडबुडे उठू लागले. आतली रबरी कडी बदलली, पंप लावून नळ्यांतली हवा ओढली, काटा हलत नाही हे थांबून पाहिलं आणि मगच गॅस सोडला. क्लच टक् करून बसला. थोड्या वेळानं त्यानं वाकून गाडीखाली पाहिलं. एसीच्या नळीतून पाणी टपकत होतं. गारवा जमल्याची ही खूण, आणि एवढ्या वर्षांनंतरही ती पाहिली की त्याला बरं वाटे.

मग तो आत बसला. आरशाला सेंटच्या तीन बाटल्या लटकत होत्या. पिराजी एवढा शौकीन कधीपासून झाला, असं त्याच्या मनात आलं. काचा वर, इंजिन चालू. गार झोत मानेवर आला. पहाटेचा उठलेला माणूस, डोळे कधी मिटले कळलंच नाही.

काचेवर थापा पडल्या तेव्हा तो दचकला. बाहेर पिराजी हसत होता.

"मिस्तरी, दुरुस्ती कुणाच्या झोपेसाठी केली? माझ्या का तुझ्या?"

धम्मानंद उतरला. पाय जरा जड वाटले. "गार हाय का न्हाई बघत व्हतो."

"बघत व्हता का घोरत व्हता?" पिराजीनं आत हात घातला. "अरारा! हिमालयच आणलास की. आता कुणी उठवाय बी येऊ नका मला." त्यानं मजुरीच्या नोटा काढून धम्मानंदच्या वरच्या खिशात खुपसल्या. मग किल्ली फिरवता फिरवता म्हणाला, "एक मातर हाय बग. एसी बंद पडला तवापून माझं डोकं दुखायचं थांबलं व्हतं. आता पुन्हा चालू व्हईल. गारवा सोसत न्हाई आपल्याला."

"गरिबाचं डोकं हाय," धम्मानंद म्हणाला. "सवय लागंल हळूहळू."

दोघंही हसले. व्हॅन धूळ उडवत गेली.

पुढची गाडी लागली. तिचंही काम आटपलं, तिच्यातही तो काचा वर करून बसला, मानेला गार लागलं. झोप आली नाही. पण डोकं, ते मघापासून ठणकत होतं. कपाळाभोवती कुणी दोरी आवळावी तसं.

बायको लुंबिनी डबा घेऊन आली. त्याच्याकडं पाहून तिथंच थांबली. "अवो, काय करून राहिले? भिताडाला धरून का उभे?"

"डोकं दुखून राहिलंय. अन् मळमळतंय."

"उपाशी हायेत पहाटपासून. अन् ऊन."

"ऊन लागाय मी उन्हात गेलोच न्हाई. सावलीतच व्हतो. पिराजीच्या गाडीत बसलो तवापून..."

तो बोलता बोलता थांबला. पिराजीचं डोकं एसी चालू असला की दुखायचं. एसी बंद पडला, काचा उघडल्या, की थांबलं. डोकं गारव्यानं दुखत नव्हतं. बंद काचांनी दुखत होतं. आणि सीटखालची ती काजळी जुनी नव्हती. जुनी असती तर कडक झाली असती. त्यानं बोटं नाकाशी नेली. ताज्या धुराची काजळी. इतकी वर्षं तो नळ्यांमधून काय बाहेर जातं तेच शोधत आला होता. आज गाडीत काय येतं, ते शोधायला विसरला होता.

"लुंबिनी," तो म्हणाला, "लातूरला तुझ्या मावशीच्या शेजारची दोघं न्हाणीत गेली, त्यो गॅसचा गीझर."

"त्याचं काय आता?"

"त्यात वास आला व्हता का कुणाला?"

"न्हाई. आंघोळीला गेली अन् झोपल्यावानी सापडली."

त्यानं फोन लावला. पिराजीचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पार्वतीबाईंचा नंबर त्याच्याकडं नव्हता. लुंबिनीनं दवाखान्याचा नंबर शोधून लावला, तर तिकडून एक दाबा, दोन दाबा सुरू झालं. "तू लावत ऱ्हा," एवढं बोलून त्यानं मोठा पाना उचलला, शर्टाच्या आत खोचला आणि मोटारसायकलला किक मारली. डबा तसाच राहिला.

नांदेडचा रस्ता त्यानं आयुष्यात शेकडो वेळा कापला असेल. त्या दिवशी तो संपेना. गरम वारं तोंडावर येत होतं आणि डोळ्यापुढं सारखं एकच, मानेवरचा तो गार झोत. ते काम त्यानं नीट केलं होतं. कामचुकार असता तर गॅस अर्धवट भरला असता, जोड तसाच ठेवला असता, एसी वाटेतच दमला असता आणि पिराजीनं शिव्या देत काचा उघडल्या असत्या. एसी दमणार नव्हता, ह्याचीच धास्ती त्याला वाटेभर होती.

दवाखान्यामागं आवाराच्या भिंतीला लागून लिंबाचं झाड. सावलीसाठी व्हॅन मागं घेऊन भिंतीला चिकटवलेली. काचा बंद. आतून पिराजीनं टॉवेल लावले होते, उजेड येऊ नये म्हणून. इंजिनचा आवाज संथ चालला होता. आणि गाडीखालून पाण्याची बारीक धार निघून फरशीवर लांबवर गेली होती. एक कावळा त्यात चोच बुडवून पाणी पीत होता.

"पिराजी!" धम्मानंदनं काचेवर हात आपटला. कावळा उडाला. आतून काही नाही.

राखणदार धावत आला. "ओ, काय चाललंय? झोपू द्या त्याला. औषधाच्या रांगंत ताटकळला बिचारा, आत्ता कुठं आडवा झालाय."

"किती वेळ झाला?"

"असंल अर्धा तास. पण तुम्ही कोण?"

दार आतून बंद होतं. धम्मानंदनं पाना काढला. पहिल्या फटक्याला काचेला नुसता ओरखडा आला. दुसऱ्याला ती चुरमुऱ्यासारखी आत कोसळली. थंडगार हवा त्याच्या तोंडावर आली. त्यानं श्वास रोखला, हात घालून दार उघडलं, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. पिराजी सीटवर तोंड उघडं टाकून पडला होता. धम्मानंदनं त्याला काखेत धरून ओढलं. अंग दाण्याच्या पोत्यासारखं, ओढावं तिकडं जाणारं.

"स्ट्रेचर आण!" तो राखणदारावर ओरडला. "धूर कोंडलाय आत, धूर!"

"धूर तर दिसंना कुठं," राखणदार म्हणाला. पण पळाला.

पिराजीचं दैव एवढंच, की तो दवाखान्याच्या दारात झोपला होता. आत ऑक्सिजन लावला. धम्मानंद बाहेर बाकावर बसून राहिला. हाताला काचांचे बारीक कण टोचत होते, ते एकेक करून काढत होता. मशीनवरून सुटलेल्या पार्वतीबाई सोबत आलेल्या सुनेचा हात धरून आल्या. त्यांना सगळं सांगितलं.

"उन्हाळा लागला तवा परत जाताना मला दर खेपंला उलटी व्हायची," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, मशीनमुळं. मधी थांबली व्हती. म्हणलं, देव पावला."

पिराजी दुपार कलल्यावर शुद्धीवर आला. धम्मानंद आत गेला, तर त्यानं डोळे किलकिले करून पाहिलं. नाकावरचा मास्क बाजूला केला.

"काच तू फोडली म्हणं?"

"हाव."

"एसी दुरुस्त कर म्हणलो व्हतो. काच फोड म्हणलो न्हवतो." आणि मास्क परत लावून त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. थोड्या वेळानं त्याचे खांदे हलायला लागले. तो हसतोय की रडतोय, हे धम्मानंदनं वाकून पाहिलं नाही.

मोटारसायकल दवाखान्यातच ठेवून, सगळ्यांना घेऊन संध्याकाळी धम्मानंदनंच व्हॅन लोह्याला आणली. सगळ्या काचा खाली आणि एसी बंद. कुणी उकडतंय म्हणून तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं इंजिन उघडलं. धुराच्या नळीच्या जोडातलं गॅस्केट जळून फुटलं होतं. थांबलेल्या गाडीत सगळा धूर सीटखाली साचायचा आणि पट्टी नसलेल्या फटीतून वर यायचा. सेंटच्या तीन बाटल्या त्याचा वास झाकत होत्या. पिराजीनं गॅस्केटचे आणि पट्टीचे पैसे दिले. काचेचा विषय त्यानं काढला नाही, आणि धम्मानंदनं काढू दिला नाही.

पहाटेच्या मजुरीतून घरच्या कूलरला गवताच्या नव्या जाळ्या आणायचं लुंबिनीला कबूल केलं होतं. जाळ्या राहिल्या. नव्या काचेचे पैसे जुळले नाहीत, म्हणून तो नांदेडच्या भंगार बाजारात गेला. तिथं तसल्याच एका व्हॅनची काच मिळाली. ती व्हॅन भंगारात कशी आली, हे त्यानं विचारलं नाही. वरच्या खिशातल्या नोटा, पिराजीनं खुपसल्या होत्या तशाच, काढून दिल्या आणि काच काखेत घेऊन निघाला.