मेळाव्यात मी वाचलेली चिठ्ठी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माय गेली, तिला नाही. नवऱ्याला नाही. ज्या प्रकल्पात माझी सगळी उमेदीची वर्षं गेली, तिथल्या एकाही माणसाला नाही. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि ओळखलंत तरी माझं काही वाकडं करू शकत नाही म्हणून. एवढंच. तुमच्यावर माझा फार जीव आहे असं समजू नका.

आधी घरचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही — आणि ते सांगितलं की तुम्ही माझ्या बाजूचे व्हाल, ही भीतीही आहे. होऊ नका.

आमचं गाव अमडापूरच्या बाजूला. बाप खामगावला जिनिंगमध्ये हमाल. आठवड्यातून एकदा यायचा, केसांत कापूस आणि छातीत खोकला घेऊन. माय गावातल्या एका मोठ्या घरच्या मळ्यात मजुरीला. मेथी, कोथिंबीर, वांगी. रविवारी मीपण जायची. मेथीच्या जुड्या बांधून बोटं हिरवी व्हायची, आणि सोमवारी वहीवर त्याचे ठसे उमटायचे. तहान लागली की आम्ही मायलेकी विहिरीपाशी उकिडव्या बसायचो, ओंजळ करायचो, आणि त्या घरची म्हातारी वरून पाणी ओतायची. तांब्याला आमचा हात लागणार नाही इतका वर धरून. निम्मं पाणी कोपरावरून ओघळून जायचं. म्हातारी वाईट बोलायची नाही, बरं का. हसून विचारायची, "झालं का वं पोरी, भागली का तहान?" शिवी दिली असती तर परवडलं असतं. हसणाऱ्या माणसावर राग धरायचा कसा, हे लहानपणी कळत नाही. नंतर कळतं. मला कळलं.

मी शिकले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिली मी, आणि ते कुणाच्या उपकारानं नाही. बी.ए.ला असताना गावात पोरापोरींसाठी एक युवा प्रकल्प सुरू झाला. आमच्या बौद्ध वस्तीतल्या समाजमंदिराच्या दोन खोल्यांत अभ्यासिका, सुट्टीत शिबिरं, शाळेच्या पटांगणात मेळावे. मी स्वयंसेवक झाले. मंडपवाला किती वेळा फोन केल्यावर उचलतो, खुर्च्या कुणाच्या लग्नातून उचलून आणायच्या, सरपंचाचं भाषण लांबलं की टाळ्या कुठे सुरू करायच्या — सगळं यायला लागलं. सूत्रसंचालन तर माझंच. पोरं मला 'भोंगाताई' म्हणायची. म्हणू द्या. भोंग्यातून माझा आवाज गावभर जायचा, त्या म्हातारीच्या घरात जायचा, तिला न विचारता. ते मला आवडायचं. किती आवडायचं ते तुम्हाला नाही कळणार.

आता तिचं सांगते. पूजा म्हणते इथे — खरं नाव दुसरं आहे. त्या म्हातारीची नात. दहावीला शाळेत पहिली, आणि आमच्या गावातून अकरावी सायन्सला चिखलीला जाणारी ती एकटीच. एसटीनं जायची, एसटीनं यायची, आणि संध्याकाळी आमच्या अभ्यासिकेत बसायची. तिच्या घरी खोल्या पुष्कळ, पण पाहुण्यांची वर्दळ. इंग्रजी मी घ्यायची तिचं. मन लावून शिकायची. 'ताई, ताई' करत मागं फिरायची. चांगली पोरगी होती. हे मी आत्ता, सोयीसाठी म्हणत नाही — तेव्हाही मला माहीत होतं.

एका संध्याकाळी ती धावत आली, घामाघूम. कोपऱ्यातल्या जारचं पाणी घेतलं, गटागटा प्यायली, तोंड पुसलं आणि हसून म्हणाली, "आजीले सांगू नका हं ताई, मी अठी पाणी पेली म्हून."

मी पण हसले. म्हटलं, "नाही सांगत."

आणि त्या दिवसापासून ती पोरगी मला डोळ्यांसमोर नकोशी झाली.

तुम्ही म्हणाल, तिनं तर पाणी प्यायलं ना? शिवाशिव झुगारूनच प्यायलं ना? हो. झुगारूनच. सतरा वर्षांची पोर, घरच्यांना भिऊन का होईना, पण प्यायली. मी ते पाहायला हवं होतं. मी फक्त ते हसू पाहिलं. म्हातारीचं तेच हसू, तरुण तोंडावर. असं मला वाटलं. तसं होतं का? मला नाही माहीत. बहुतेक नव्हतं.

अजून मूळ गोष्टीला हात घातला नाही, कळतंय मला. घालते.

थंडीत आमचा मुलींचा मेळावा असायचा. सकाळी रांगोळी, मग आयांसाठी संगीतखुर्ची, आणि दुपारी प्रश्नपेटी. पेटी म्हणजे बुटांचं खोकं, लाल जिलेटिन कागद लावून वरून चीर पाडलेलं. आठ दिवस आधी ते शाळेत आणि अभ्यासिकेत ठेवायचो. मुली नाव न घालता चिठ्ठ्या टाकायच्या: पाळीत पोट दुखतं, शाळा सोडायला सांगतात, असं काहीबाही. मेळाव्यात चिखलीच्या डॉक्टरबाई उत्तरं द्यायच्या. समोर मुली आणि त्यांच्यामागे त्यांच्या आया, आज्या. म्हणून नियम कडक होता. चिठ्ठ्या एकीनं घरी न्यायच्या, प्रश्न आपल्या अक्षरात वेगळ्या कागदावर उतरवायचे, ओळख पटेल असा शब्द काढून टाकायचा आणि मूळ चिठ्ठ्या चुलीत घालायच्या. "चिठ्ठी वाचायची नाही, प्रश्न वाचायचा" — हे वाक्य नव्या स्वयंसेवकांना कोण शिकवायचं? मीच.

त्या वर्षी चिठ्ठ्या माझ्याकडे होत्या. दुपारी ओट्यावर बसून एकेक उघडत होते. एक अशी निघाली:

"मी अकरावी सायन्सला आहे. चिखलीच्या गाडीत एक मुलगा रोज माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरतो. मी बसते. आम्ही बोलत नाही. त्याला थँक्यू म्हटलं तर त्यात वाईट आहे का?"

बस. इतकंच. अक्षर मी रोज तपासायची ते. आणि अक्षराची गरजच काय होती? गावात अकरावी सायन्स एकच.

उतरवायचं काय होतं? "मुलाशी साधं बोलण्यात वाईट आहे का?" एवढी एक ओळ. बाकी सगळ्या चिठ्ठ्या मी नियमानं उतरवल्या आणि मूळ जाळल्या. ही घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. दोन दिवस ठेवली. दोन दिवस! रागाच्या भरात घडलं म्हणायलाही जागा नाही. या दोन दिवसांत मी मंडप बांधून घेतला, माइकवाल्याशी भांडले, पूजाच्या वहीतले स्पेलिंग तपासले. ती समोर बसली होती, चिठ्ठी माझ्या अंगावर होती.

मेळाव्याला म्हातारी आली होती. पहिल्या रांगेत, खुर्चीवर. पूजा मैत्रिणींत, सतरंजीवर. पाच-सहा प्रश्न झाले. मग मी चिठ्ठी काढली आणि वाचली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, सावकाश, स्पष्ट. आवाजाचं मला शिकवावं लागत नाही.

आधी मुली हसल्या. मग हसणं मागं आयांमध्ये गेलं आणि तिथं थांबलं. "सायन्सवाली कोण वं?" कुणीतरी विचारलं. कुणाला उत्तर द्यायची गरजच पडली नाही. सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. डॉक्टरबाईंनी छान उत्तर दिलं — थँक्यू म्हणण्यात काहीच वाईट नाही, उलट म्हणावं. कुणी ऐकलं? म्हातारी उठली होती. पूजा खाली बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. ताईकडून चुकून झालं का, असं. पुढं काही बोलून मी ते सावरेन, असं वाटलं असेल तिला.

मी म्हटलं, "पुढचा प्रश्न."

संध्याकाळी प्रकल्पाच्या मॅडमनी मला बाजूला घेतलं. मी रडले. घाईत हातात मूळ चिठ्ठी आली, माझ्या लक्षातच आलं नाही, म्हटलं. मॅडमनी पाठीवरून हात फिरवला. "होतं गं, किती कामं अंगावर घेतेस." माझं रडणं खरं होतं की खोटं? मला विचारू नका. पुढच्या वर्षापासून चिठ्ठ्या दोघींनी मिळून उतरवायच्या, असा नियम झाला. प्रशिक्षणात तो सांगताना मॅडम 'आपल्या एका ताईची नकळत झालेली चूक' म्हणून उदाहरण द्यायच्या. मी तिथंच बसलेली असायची, वहीत टिपून घेत.

हा कबुलीजबाब इथं संपला असता तर बरं झालं असतं. माझं खरं लपवलेलं यापुढं आहे.

पूजाचं कॉलेज दुसऱ्या दिवशी बंद झालं. मॅडम म्हणाल्या, "तू जा. तुझी आई त्यांच्याकडे कामाला होती, म्हातारी तुला ओळखते. समजावून सांग." मी गेले. वाटेत वाक्यं जुळवली. पोरीनं काही केलेलं नाही, कुणी नुसती जागा धरली तर काय झालं, हुशार आहे, निदान परीक्षा तरी देऊ द्या. दारापर्यंत सगळी पाठ होती.

मी अंगणात थांबले. त्या घरात आम्ही अंगणातच थांबायचो.

"ये वं पोरी, आत ये," म्हातारी म्हणाली. "थ्या अंगणात काऊन उभी राह्यली?"

आत गेले. मला खुर्ची दिली. माझ्या बापाला त्या घरानं ओटाही दिला नव्हता. म्हातारी समोर बसली, आणि माझा हात — हो, हात — हातात घेतला. "तू वाचलं म्हून आमाले कळलं. नाई तं त्या कारटीनं तोंडाले काळं लावलं असतं. माय चांगली होती तुही, तू बी चांगली निंगाली. शिकली, पण आब समजते तुले." मग आत ओरडली, "पूजे, ताईले चहा आण!"

पूजानं चहा आणला. डोक्यावरून ओढणी. कप माझ्या हातात दिला आणि उभी राहिली. सगळी वाक्यं माझ्या तोंडात होती. एक जरी बाहेर काढलं असतं तर? ऐकलं नसतं कदाचित. पण तिनं ऐकलं असतं ना, ती समोर उभी होती.

ती हळूच म्हणाली, "साखर बरोबर हाय का, ताई?"

मी म्हटलं, "हो."

चहा पूर्ण प्यायले. थांबून थांबून प्यायले, कारण मला त्या खुर्चीतून उठायचं नव्हतं. आयुष्यात मला जे हवं होतं ते मिळत होतं, आणि ते कशाबद्दल मिळतंय हे कळत असूनही ते गोड लागलं. निघताना पूजाचा काका म्हणाला, "तुमच्या मॅडमले सांगजा, पोरीचं नाव आता काढू नका." मी "सांगते" म्हटलं. मॅडमना सांगितलं: खूप समजावलं, ऐकत नाहीत. घरी मायला चहाचं सांगितलं, तर माय वस्तीभर सांगत फिरली.

आता तुमच्या मनात काय चाललंय ते मला दिसतंय. पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, बिचारीवर अन्याय झाला, असं काही तुम्ही जुळवत असाल. बंद करा. अन्याय खरा आहे, आणि त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मी म्हातारीला काय केलं? काहीच नाही. म्हातारीला तर मी मदत केली. नातीवर पहारा ठेवायला तिला कारण हवं होतं, ते मी माइकवरून पुरवलं. त्या घरात वस्तीतलं पाणी पिणारी एकच होती, तिलाच मी गाठलं. बाईला गप्प कसं करायचं, मान खाली कशी घालायला लावायची, हे मी खालून बघत शिकले होते. वर गेल्यावर पहिल्या संधीत वापरलं. त्यासाठी कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही.

तो मुलगा कोण होता, मला आजही माहीत नाही. बहुतेक पूजालाही नाव माहीत नसेल.

अठरा पूर्ण झाल्याबरोबर तिचं लग्न लागलं. पत्रिका आमच्या घरी आली, माझ्या नावाची, नावापुढं बी.ए. लिहिलेली. मी गेले. त्यांच्या पंगतीत बसून जेवले. पुढं एम.एस.डब्ल्यू. केलं. आज तालुक्यातल्या सगळ्या गावांचे मेळावे मी घेते. पूजा दहावी पास आहे.