चिखल्या आणि बूट

तिकोणा पेठ या गावच्या सविताच्या माहेरी आणि सासरी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. ती गेली, तीही लग्नानंतर आठ वर्षांनी, तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला. वर्गात पोरं अठरा, बायका दोन. दोन वर्षं ती भाकऱ्या थापून पहिली एसटी धरायची आणि जागा असली तरी दाराशी उभी राहायची. बसलं की पाय हलायला लागायचे. घरी काय राहिलं, वर्कशॉपात काय राहिलं, हेच डोक्यात.

शेवटच्या प्रॅक्टिकलची तारीख आली ती नेमकी भाताच्या आवणीत, रोपं लावायच्या दिवसांत.

पेठेत आवणी सावडीनं होते. आज सगळ्या बायका एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. जी जात नाही तिच्याकडे कुणी येत नाही. परीक्षेच्या दिवशी पाळी होती शेजारच्या शालूबाईची.

"न्हाई आलीस तरी चालंल," शालूबाई बांधावरून म्हणाली. "पन मंग आमी बी येनार न्हाई. आन काय गं, लोखंड घासायला शाळा लागती व्हय? मी इळा रोजच घासती."

बायका हसल्या. सविताही हसली, पण हातातली रोपं तिनं उगाचच दोनदा मोजली.

सासू रतनबाईंनी सविताचीही बाजू घेतली नाही अन् शालूबाईचीही. "तिचं काम आदीच करून टाक," त्या म्हणाल्या. "रोप उपटून, मुठी बांधून दे. मंग कोन बोलतंय बगू."

परीक्षेआधी तीन दिवस सुट्टी होती. तिन्ही दिवस सविता सावडीचं काम आटपून शालूबाईच्या तरव्यात, रोपांच्या वाफ्यात उतरली. घोटाभर पाण्यात वाकून रोप उपटायची आणि तोंडानं कामाचा क्रम घोकायची: आखणी, हॅकसॉनं कापणं, फाईलनं घासणं, तपासणी. तिसऱ्या दिवशी मुठींचा ढीग बघून शालूबाई म्हणाली, "जा बाई, जा."

सगळा हिशेब बरोबर बसला होता. फक्त पायांचा धरायचा राहिला होता.

परीक्षेच्या सकाळी तिच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्यांनी लाल भेगा पडल्या होत्या. भेगांवर मेंदी लावून ती चपलांवर निघाली, बूट पिशवीत. वर्कशॉपात बुटांशिवाय जायचं नाही असा नियम; चपला घालून आलेल्या पोरांना दाराबाहेर काढणारी एरवी तीच असायची. आता व्हरांड्यात उजवा बूट कसाबसा चढला. डावा चढेना.

यादी घेऊन दाराशी उभे असलेले राजेंद्र सर तिचे दोन वर्षांचे शिक्षक. "पाच मिनिटं आहेत, सविता. बुटाशिवाय आत घेता येणार नाही मला."

"मी तरी कुटं म्हनले घ्या म्हनून?"

तिनं डब्याचं फडकं फाडून बोटांत कोंबलं, बुटाचा आतला तळ उपटून काढला, नाडी पूर्ण सोडली आणि भिंतीला धरून पाय आत दाबला. डोळ्यांत पाणी आलं. नाडी बांधून ती दाराशी आली. सरांनी यादीत तिच्या नावापुढं खूण केली.

काम दोन पट्ट्यांचं होतं. एकीला चौकोनी खाच, दुसरीला तसाच दात, आणि दोन्ही एकमेकींत फटीशिवाय बसायला हव्यात. फाईल मारताना डावा पाय पुढं असतो. फाईल पुढं ढकलताना दर वेळी अंगाचा भार त्याच पायावर. दुपारी दात खाचेत अर्धाच जाऊन अडकला. तिनं काढला, घासला, लावला, पुन्हा काढला.

बाहेरून आलेले परीक्षक जवळ थांबले. "बाई, जरा बसून घ्या."

"बसले तर उठायची न्हाई, सर."

घाईत फाईल एकदा जास्त फिरली असती तर पट्टी वाया. म्हणून शेवटचा तासभर तिनं स्वतःला बळंच सावकाश चालवलं. आयुष्यात तेवढंच काम तिला कधी जमलं नव्हतं. मग दात सरकत आत गेला. तिनं जोड खिडकीकडं धरला. उजेड कुठूनच आला नाही.

निकालात ती वर्गात दुसरी होती. तळेगावच्या एका कारखान्यातून शिकाऊ उमेदवारीसाठी फोन आला, "पुढच्या सोमवारी रुजू व्हा."

"सोमवारीच का?" सविता म्हणाली. "उद्या आले तर चालंल का?"